अप्पांच्या वहीत आता माझं अक्षर

अप्पा, म्हणजे माझे सासरे, पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. नोकरीभर खेडोपाडी फिरून गाई-म्हशींच्या नोंदी केल्या, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरात पाखरं आली तेव्हा त्यांनी लाल पुठ्ठ्याची एक वही आणली आणि पट्टीने रकाने आखले : आरंभी, आगमन, जन्म, मृत्यू, अखेर. पहिली ओळ अशी आहे : ‘२०/११/२०२२. आगमन २. सन कॉन्युअर. नाशिक. रु. २८,०००. नावे हळद, कुंकू.’ सन कॉन्युअर ही परदेशी पोपटाची एक जात.

जानेवारी २०२४ मध्ये अप्पा गेले आणि वही थांबली. पुढच्या दीड वर्षात या पाखरांची सरकारी नोंदणी, मग पिल्लांची नोंद आणि शेवटी मृत्यूची नोंद, असं सगळं मला करावं लागलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वनखात्याच्या ऑफिसची पायरी त्याआधी कधी चढले नव्हते. आता अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडून लोक फोन करून विचारतात, ताई तुम्ही कसं केलं? म्हणून जसं घडलं तसं, तारखांसह लिहून ठेवते.

मार्च २०२४ मध्ये ह्यांच्या मित्राने व्हॉट्सॲपवर एक बातमी पाठवली होती. घरात परदेशी पाळीव प्राणी-पक्षी असतील तर नोंद करा, सहा महिने मुदत. अप्पांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. घरात कुणाचंच लक्ष नव्हतं, मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडून दिलं. ७ जुलैच्या रविवारी मुलाने, तो तेव्हा नववीत होता, विचारलं, "मम्मी, आपली पाखरं बेकायदेशीर आहेत का?" वर्गात कुणीतरी त्याला तसं म्हणालं होतं. त्या दुपारी मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले.

थोडक्यात सांगते, कारण मला हे एका ठिकाणी मराठीत कुठेच मिळालं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात अनुसूची ४ पूर्ण बदलली. आता तिच्यात साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती आहेत. अशा जातीचा जिवंत प्राणी किंवा पक्षी ज्याच्याकडे असेल त्याने त्याची नोंद करायची. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिने, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत मुदत होती. यापुढे नवीन कुणी आणला तर ३० दिवस. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश २.० या संकेतस्थळावर करायचा, शुल्क १,००० रुपये, परत न मिळणारं. अर्ज जातो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. ते ऑफिस नागपूरला आहे.

इथे एक गोंधळ होतो, माझाही झाला. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत आपला हिरवा राघू ‘अनुसूची ४’ मध्ये आहे असं लिहिलेलं सापडतं. ती दुरुस्तीपूर्वीची अनुसूची. राघू आता अनुसूची २ मध्ये आहे. तो आपल्या रानातला पक्षी, तो पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, त्याची नोंदणी होत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचलं तेव्हा मला शेजारच्या जिजींचा मिठू आठवला आणि पोटात गोळा आला. त्याचं पुढे येईलच.

दुसरी गोष्ट लव्हबर्डची. आपल्याकडे बाजारात ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक बजरीगर असतात, ऑस्ट्रेलियातले. बजरीगर आणि कॉकाटील साइट्सच्या यादीत नाहीत. खऱ्या लव्हबर्डमधला गुलाबी तोंडाचा, पीच-फेस्ड म्हणतात तो, यादीत नाही, पण फिशर्स लव्हबर्ड आहे. दिसायला सारखेच छोटे, रंगीत पक्षी. एकाला कागद लागतो, दुसऱ्याला नाही. कॉन्युअर, मकाव, कोकाटू, आफ्रिकन ग्रे हे सगळे यादीत आहेत. मत्स्यालय ठेवणाऱ्यांसाठीही सांगते : शुभ म्हणून दुकानात, हॉटेलात ठेवतात तो आशियाई अरोवाना मासा परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. तेव्हा आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते शास्त्रीय नावासकट ओळखा. आमचे सन कॉन्युअर, शास्त्रीय नाव अराटिंगा सोल्स्टिशियालिस, परिशिष्ट २ मध्ये येतात.

त्या संध्याकाळी त्यांच्याबद्दल अजून वाचलं. हे मूळचे दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातले, गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचे. पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून तिथल्या रानात ते फार कमी उरलेत. आमच्या ओट्यावर बसून मक्याचं कणीस सोलणारी ही दोन पिवळी-केशरी पाखरं, यांचं मूळ रान रिकामं होतंय हे मला माहीतच नव्हतं. नोंदणी म्हणजे नुसता त्रास, असं तोवर मला वाटत होतं. त्या दिवसापासून तसं वाटलं नाही.

मग कागद. पाखरं घेतल्याची पावती अप्पांनी जपून ठेवली होती, पण तिच्यावर लिहिलेलं एवढंच : ‘रंगीत पक्षी, नग २’. जातीचं नाव नाही आणि दुकानाचा शिक्का पुसट. दुकानदाराचा नंबर लावला तर बंद. वर पावती अप्पांच्या नावावर, आणि अप्पा हयात नाहीत. मी एक प्रतिज्ञापत्र केलं : पक्षी सासऱ्यांनी अमुक तारखेला घेतले, ते वारले, पक्षी आता माझ्या ताब्यात आहेत. सोबत मृत्यू दाखला जोडला. १०० रुपयांचा स्टॅम्प, टायपिंग, नोटरी मिळून ३५० रुपये लागले. माझा मोठा आधार ठरली ती अप्पांची वही. आणि मोबाइलमधले जुने फोटो, ज्यांच्यावर तारीख होती. २०२२ च्या फोटोत दोघांच्या पंखांवर बराच हिरवा रंग दिसतो. लहान सन कॉन्युअर हिरवट असतात आणि वय वाढतं तसे पिवळे होत जातात, त्यामुळे त्या फोटोंवरून वयाचाही अंदाज देता आला. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी जुने फोटो पुसू नका, एवढं नक्की सांगीन.

अर्जात नर-मादी विचारतात. कॉन्युअरमध्ये बघून ते कळत नाही. अप्पांनी आपल्या अंदाजाने नावं ठेवली होती. मी दोघांची छातीवरची दोन-तीन पिसं, गळलेली नाही, मुळासकट काढलेली, वेगवेगळ्या कागदी पाकिटात घालून डीएनए तपासणीला कुरिअरने पाठवली. ८०० रुपये एकाचे, कुरिअर १२०. नऊ दिवसांनी निकाल आला : हळद नर, कुंकू मादी. आता हळद हे नाव काही नराचं नाही, पण अप्पांनी ठेवलेलं नाव बदलायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

आमच्याकडच्या ई-सेवा केंद्रातल्या मुलाने या नोंदणीचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याचा दोष नाही, असे अर्ज करायला त्याच्याकडे येतंय कोण? मग घरच्या लॅपटॉपवर मीच बसले. योग्य नमुना सापडायलाच दोन संध्याकाळी गेल्या. एकदा ओटीपी येईना, एकदा सगळं भरून झाल्यावर लाईट गेली आणि भरलेलं उडालं. म्हणून पुढच्या वेळी आधी सगळी माहिती वहीत लिहून काढली : नाव, पत्ता, पक्ष्यांची संख्या, लिंग, वय, ओळखीची खूण, पिंजऱ्याचं माप, कुठून आणले. कागद लहान आकाराच्या पीडीएफमध्ये करून एकाच फोल्डरमध्ये ठेवले. ३ ऑगस्टच्या शनिवारी पैसे भरले तर खात्यातून १,००० रुपये गेले आणि पडद्यावर ‘प्रलंबित’. रात्रभर झोप नाही. पुन्हा पैसे भरू का, असं दहादा मनात आलं. भरले नाहीत ते बरं झालं. तिसऱ्या दिवशी आपोआप स्थिती बदलली आणि अर्ज क्रमांक आला. तो क्रमांक मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिला.

हे सगळं जिजी आमच्या ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आते पाखरंस्ले भी आधार कार्ड लागस का वं माय?"

मी त्यांना तेव्हाच मिठूचं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

२० ऑगस्टला त्रुटी निघाली : पावतीवर जातीचा उल्लेख नाही, खुलासा करावा. मुदतीला आठ दिवस उरलेले. शुक्रवारी, २३ तारखेला, शाळेतून रजा टाकून मी रेल्वेने जळगावला गेले. वनखात्याच्या ऑफिसात तीन टेबलं फिरून चौथ्या टेबलावर माझं काम ज्यांच्याकडे होतं ते साहेब भेटले. अडीच तास बसावं लागलं. पण त्यांनी एकदा वही हातात घेतली आणि पानं उलटायला लागले. कधी काय खायला दिलं, वजन किती, पंख कधी गळले, सगळं अप्पांच्या बारीक अक्षरात. साहेब म्हणाले, "ताई, ह्या वहीच्या पानांचे फोटो जोडा, प्रतिज्ञापत्र आहेच, बाकी प्रत्यक्ष पडताळणीत बघू." मी ऑफिसच्या बाहेर झाडाखाली उभी राहून मोबाइलवर पानांचे फोटो काढले आणि तिथूनच खुलासा अपलोड केला. परतीच्या गाडीत मला रडू आलं. का, ते नीट सांगता येणार नाही. अप्पांची वही कुणी परक्या माणसाने इतक्या मनापासून वाचली म्हणून असेल.

२८ ऑगस्ट आली आणि गेली. अर्ज मुदतीत पोचलेला होता, तरी प्रमाणपत्र हातात नसल्याने रोज धाकधूक. फाटक वाजलं की छातीत धस्स व्हायचं. गणपती बसले, उठले.

२४ सप्टेंबरला सकाळी एक वनपाल आणि एक वनरक्षक मोटारसायकलवर आले. आधी फोन केला होता, त्यामुळे मी दुसऱ्या सत्रात शाळेत जायची सोय केली होती. त्यांनी पक्षी मोजले, फोटो जुळवले, पिंजऱ्याचं माप घेतलं, पाणी-सावलीची व्यवस्था पाहिली. पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचे दोघे. एकूण पाऊण तास. वनरक्षक दादांची आधीची नोकरी तोरणमाळच्या बाजूला झालेली. चहा पिताना त्यांनी माझ्या मुलाला विचारलं, "रानपिंगळा माहीत आहे का तुला?" त्याला माहीत नव्हता, आणि खरं तर मलाही नव्हता. शंभरावर वर्षं कुणाला खात्रीने न दिसलेलं हे छोटं घुबड १९९७ साली आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं, जगभरचे पक्षीवाले ते बघायला खान्देशात येतात, हे त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून पोराने पक्ष्यांची स्वतःची वही सुरू केली. हिवाळ्यात आम्ही हतनूर धरणावर पाहुणी बदकं बघायला गेलो, ती पहिलीच वेळ.

जाताना वनपालांना जिजींच्या ओट्यावरचा पिंजरा दिसला. मी मध्ये पडून सगळं सांगितलं. मिठू सात वर्षांचा, पिल्लू असताना वादळात पडलेला, जिजींनी बोटाने भरवून वाढवलेला. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, रानात सोडू नका, त्याला उडता येत नाही, मांजर खाईल. अर्ज लिहून स्वतःहून जमा करा, आम्ही उपचार केंद्रात पाठवतो, तिथे इतर राघूंबरोबर ठेवून उडायला शिकवतात. जिजी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पिंजरा उचलून माझ्या हातात दिला. अर्ज मी लिहिला, अंगठा त्यांचा. पुढे आठ-दहा दिवसांनी वनरक्षक दादांनी फोन करून कळवलं की मिठू तिथे खातोय, मोठ्या पिंजऱ्यात आहे. मी तो फोन स्पीकरवर लावला होता.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या निवडणुका लागल्या, सगळीकडची माणसं त्या कामाला गेली. मी धरून चालले होते की आता दिवाळीनंतरच. पण २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, ईमेलवर प्रमाणपत्र आलं. माझं नाव, पक्ष्यांची जात, संख्या २, नोंदणी क्रमांक. दोन रंगीत प्रती काढल्या, एक लॅमिनेट करून पिंजऱ्याच्या भिंतीवर, एक फायलीत. वहीत अप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली मी पहिल्यांदा माझ्या अक्षरात लिहिलं : ‘आरंभी २. अखेर २.’

२४ जानेवारी २०२५ ला कुंकूने पहिलं अंडं घातलं. एक-दोन दिवसांच्या अंतराने एकूण चार. ती लाकडी पेटीतून बाहेर येईना, हळद तिला भरवायचा. सुमारे २४ दिवस उबवतात असं वाचलं होतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची शाळेतली मिरवणूक आटोपून घरी आले तर पेटीतून अगदी बारीक आवाज येत होता. दोन दिवसांत तीन पिल्लं झाली, चौथं अंडं पोकळ निघालं. पिल्लं म्हणजे गुलाबी मांसाचे चिमूटभर गोळे, डोळे मिटलेले.

जन्माची नोंद संकेतस्थळावरच करायची असते, मूळ नोंदणी क्रमांकाखाली. मी २२ तारखेला तीन पिल्लांची माहिती भरली, फोटोसह. विकायसाठी पैदास करता का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. नाही. परिशिष्ट १ मधल्या जातींची पैदास करायची असेल तर कायद्यात वेगळा परवाना आहे, आमचे परिशिष्ट २ मधले. तरी जन्म लपवायचा नाही, हे अप्पांच्या वहीनेच शिकवलं होतं.

आणि इथे माझ्याकडून चूक झाली. २४ तारखेच्या सकाळी सर्वांत धाकटं पिल्लू पेटीत गार पडलेलं सापडलं. त्याच्या पोटात अन्न नव्हतं, मोठ्या दोघांनी त्याला भरवू दिलं नसावं. मुलगा खूप रडला. आम्ही त्याला मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पुरलं. शाळेत गेल्यावर, पहिल्या तासाला, माझ्या लक्षात आलं की मृत्यूची नोंद करताना नोंदणीकृत पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल लागतो. तीन जन्म दाखवलेत, आता दोन दिसतील, आणि मध्ये कागद काहीच नाही. सुट्टीत घरी येऊन पिल्लू परत काढायचा विचार केला, पण हात धजला नाही.

मी लपवलं नाही. संकेतस्थळावर मृत्यू कळवला, अहवाल का नाही ते लिहिलं, वनपालांना फोन करून खरं सांगितलं. ते आले, जागा पाहिली, पंचनामा केला, पशुवैद्यक डॉक्टरांकडून वय आणि संभाव्य कारणाचं एक पत्र आणायला सांगितलं. दहा दिवस गेले त्यात. त्यांनी समजून घेतलं. पण प्रत्येक वेळी असं समजून घेतील असं धरून चालू नका. पिल्लू चार दिवसांचं असलं तरी त्याचा मृत्यू हा नोंदवायचा मृत्यू आहे. जमिनीत घालण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

त्या दिवसांत मी मुंबईच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या पेंग्विनचं जुनं वाचत बसले होते. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक ऑक्टोबरात गेला. १५ ऑगस्ट २०१८ ला तिथे पिल्लू जन्मलं, सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आलं, आणि आठवड्याभरात ते पिल्लूही गेलं. तिथे डॉक्टर आहेत, थंड केलेली खोली आहे, दिवसरात्र माणसं आहेत. तरी जीव हातातून निसटतो. प्राणिसंग्रहालयांना तर २००९ च्या नियमांनी आलेले, जन्मलेले, मेलेले, दुसरीकडे दिलेले, असा सगळा हिशेब केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला द्यावा लागतो. त्यांचे रकाने पाहिले आणि मी उठून अप्पांची वही आणली. जवळजवळ तेच रकाने.

उरलेल्या दोघांना बाराव्या दिवशी पायात बंद कडी घातली, नंबर कोरलेली. ही कडी साधारण दहा ते चौदा दिवसांच्या पिल्लालाच घालता येते. नंतर पाय मोठा होतो आणि ती जात नाही. पिल्लं होण्याची चिन्हं दिसली की कड्या मागवून ठेवा, कुरिअर उशिरा आलं तर वेळ निघून जाते. पुढची दोन बोटं आणि मागचं एक लांब बोट कडीतून आधी घालायचं, मग मागचं छोटं बोट काडीने अलगद सोडवायचं. मी ते पशुवैद्यक डॉक्टरांसमोर केलं. घाम फुटला होता.

एप्रिल. खान्देशात एप्रिल काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या आसपास. हळद पुन्हा घरट्याच्या तयारीला लागला होता आणि पिल्लांना टोचत होता, म्हणून आठवडाभर आधी त्याला वेगळ्या पिंजऱ्यात, ओट्यावर पत्र्याखाली कूलरसमोर ठेवलं होतं. कुंकू आणि पिल्लं आत, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या, जुन्या खोलीत. २२ एप्रिलला नात्यातल्या एका साखरपुड्याला आम्ही धरणगावला गेलो. मुलगा क्लासला. दुपारी एकच्या सुमारास लाईट गेली ती तीन तास आली नाही. सव्वाचारला आम्ही परतलो तेव्हा हळद पिंजऱ्याच्या तळाशी होता. पंख अंगापासून लांब पसरलेले, चोच उघडी. मी हातात घेतला तेव्हा अंग गरम होतं, पण जीव नव्हता.

पंख असे फाकवणं, चोच उघडी ठेवून धापा टाकणं, ही उन्हाच्या त्रासाची पहिली चिन्हं. तेव्हाच सावलीत नेऊन साध्या पाण्याचा फवारा मारायचा, बर्फाचं पाणी नाही, आणि हवा खेळती ठेवायची. घरात कुणी असतं तर त्याला आत धाब्याखाली उचलून नेणं एवढंच पुरलं असतं. भिंत दोन हात अंतरावर होती.

या वेळी मी पुरण्याची घाई केली नाही. पशुवैद्यक डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं : अंग ओलं न करता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, गोठलं तर आतले अवयव नीट तपासता येत नाहीत. आणि सकाळी लवकर आणा. घरच्या फ्रिजमध्ये दूध, कैरीचं पन्हं, आणि एका डब्यात हळद. ती रात्र फार मोठी होती.

२३ तारखेला सकाळची शाळा बुडवून मी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. बाहेर बैलजोड्या, शेळ्या घेऊन शेतकरी उभे. माझ्या हातात छोटा डबा. डॉक्टरांनी माझा नंबर लागल्यावर दार लावून तासभर दिला. वजन ११० ग्रॅम. फुफ्फुसात रक्त साकळलेलं, जंतुसंसर्गाची खूण नाही, कारण उष्माघात. अहवालावर पुढच्या गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून बघून घ्या : जात, लिंग, वजन, ओळखीची खूण किंवा कडीचा नंबर, तुमचा नोंदणी क्रमांक, मृत्यूची आणि तपासणीची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. माझ्या अहवालात पहिल्यांदा आमचा नोंदणी क्रमांक राहिला होता, तो तिथेच टाकून घेतला. शुल्काची पावती किरकोळ रकमेची. २४ तारखेला मृत्यूची नोंद भरली, अहवाल जोडला. या वेळी एकही त्रुटी निघाली नाही.

हळदला त्याच कडुनिंबाखाली ठेवला. आठवड्याने आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. अप्पांच्या नावाने घागर भरली, आंबरस-पोळी केली. जिजी आल्या होत्या. त्यांनी न सांगता आंब्याची एक फोड कुंकूच्या वाटीत नेऊन ठेवली.

खर्चाचं विचारतात म्हणून : पहिल्या नोंदणीला शुल्क, प्रतिज्ञापत्र, डीएनए, कुरिअर आणि जाण्यायेण्याचं धरून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. एजंट लागला नाही. एक जण पाच हजारांत ‘करून देतो’ म्हणत होता, त्याला पैसे देऊ नका. जे लागतं ते आपल्याच घरात असतं, पावती, फोटो, तारखा. आणि ओट्यावरचा पिंजरा मी मे महिन्याच्या आतच आत घेतला. इन्व्हर्टरवर एक छोटा पंखा कायम पिंजऱ्याच्या खोलीत लावलाय.

पिल्लांच्या पिसांचा निकाल जूनमध्ये आला, एक नर, एक मादी. अजून दोघं हिरवीच आहेत, मानेपाशी थोडं पिवळं दिसायला लागलंय. ३० जूनला रात्री वही काढून पट्टीने नवीन पान आखलं आणि लिहिलं : ‘आरंभी २. आगमन ०. जन्म ३. मृत्यू २. अखेर ३.’ मुलाने बाजूला बसून बेरीज-वजाबाकी तपासली, मग कड्यांचे दोन्ही नंबर त्याने त्याच्या अक्षरात लिहिले.